दाखल्याच्या खिडकीवरचा संगणक

रहिवासाचा दाखला देणाऱ्या खिडकीवरचा संगणक सकाळी सुरू केला, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुरू होतो, ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास आली. ती निदर्शनास आणून देणाऱ्या होत्या शिलाईवाल्या मावशी. त्यांच्या भाचीला शाळेत जागा मिळाली होती. मात्र शुक्रवारपर्यंत दाखला दिला तरच.

“दादा, झाला का सुरू?”

“होतोय, मावशी,” कारकून म्हणाले. “बटण मी दाबलंय. आता त्याच्या मनात आलं पाहिजे.”

*कृपया प्रतीक्षा करा. साहेबांचा स्वागतसंदेश सुरू होत आहे.*

पडद्यावर साहेबांनी हात हलवला. मग आधीच्या साहेबांनी हलवला. त्यांना काढण्याचा आदेश कुणी काढला नव्हता. त्यानंतर सुरक्षाव्यवस्था जागी झाली आणि दोन्ही साहेबांची संशयित म्हणून तपासणी करू लागली.

*कृपया प्रतीक्षा करा. वेळेच्या बचतीची शपथ सुरू होत आहे.*

कारकुनांनी उभं राहून शपथ वाचली. मावशी उभ्याच होत्या.

“अहो, एवढ्यात माझी दोन शर्टांची काजं झाली असती!”

“मग आणायचं ना काम बरोबर. परवा एक बाई स्वेटरची अख्खी बाही विणून गेल्या.”

*कृपया प्रतीक्षा करा. जेवणाची सुट्टी सुरू होत आहे.*

मंगळवारी तज्ज्ञ आले. संगणक सुरू होताना नको ते सगळं एकदम जागं होतं, त्यातलं थोडं काढून टाका, असं ते म्हणाले.

“एवढंच?” साहेबांचा चेहरा पडला. “मग अहवालात काय लिहायचं?”

तज्ज्ञांना चूक कळली. त्यांनी ताबडतोब ‘गतिमान’ नावाची प्रणाली बसवली. संगणक सुरू होताना तो हळू का सुरू होतोय, याचा ती अभ्यास करत असे. साहेबांनी बटण दाबून तिचं उद्घाटन केलं. आता संगणक जेवणाच्या सुट्टीपर्यंतही सुरू होईना.

तेव्हा बुधवारी बैठक बोलावण्यात आली. बैठकीची पद्धत न्याय्य होती: तज्ज्ञांनी एकेक नाव वाचायचं, आणि ज्याच्या बाजूने कुणीच बोलणार नाही, ते काढायचं.

“साहेबांचा स्वागतसंदेश?”

सगळे साहेबांकडे बघू लागले. “तुमचा आग्रहच असेल तर राहू दे,” साहेब लाजून म्हणाले.

“आधीच्या साहेबांचा?”

“ते बदली होऊन परत आले तर?” राहिला.

“शपथ?”

“काढली असं बाहेर कळलं तर?” राहिली.

“गतिमान?”

“कालच उद्घाटन झालंय हो!”

एकच नाव उरलं. “हे ‘दाखला’ काय आहे?”

कारकून उठले. “साहेब, त्यातून दाखले निघतात.”

“तुमचं आहे का ते?”

“नाही, साहेब. लोकांचं.”

“लोकांपैकी इथे कोण आलंय?”

कुणीच आलं नव्हतं. मावशी दाराबाहेर होत्या. दारावर ‘बैठक चालू आहे, आत येऊ नये’ अशी पाटी होती आणि मावशींना वाचता येत होतं.

“तसं बघितलं तर सगळ्यात जड तेच आहे,” तज्ज्ञ म्हणाले.

गुरुवारी कारकुनांनी बटणाला बोट लावलं आणि संगणक सुरू झाला. साहेबांनी हात हलवला न हलवला तोच शपथसुद्धा उरकली. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीवरच्या छोट्या पडद्यावर दोन चेहरे उमटले, एक हसरा, एक रडका. ‘आमच्या सेवेबद्दल आपले मत द्या.’

“अगं बाई, झालासुद्धा!” मावशींनी हसरा दाबला. “द्या आता दाखला.”

“तो आता इथे मिळत नाही, मावशी.”

“मग कुठे मिळतो?”

“कुठेच नाही. पण बघा ना, किती पटकन सांगता आलं! पूर्वी हे कळायला तुम्हाला संध्याकाळ झाली असती.”

मावशींनी खिडकीची कड धरली. “दादा, उद्या शुक्रवार आहे. पोरीची जागा जाईल. बसवा ना ते परत.”

“बसवता येतं की. लोकांची नाराजी दिसली, तर लगेच बसवतात.” कारकुनांनी पडद्यात पाहिलं. “पण नाराजी दिसत नाहीये. शेवटचा हसरा तर तुमचाच आहे.”

“अहो, तो मी संगणकाला दिला!”

“मग? त्यालाच पोचलाय.”

“थांबा, मी रडका दाबते.”

“एका माणसाला एकच चेहरा, मावशी.”

“ओ मावशी, सरका ना,” मागून कुणीतरी म्हणालं. “आम्हालाही दाबायचाय.”

शुक्रवारी ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. भाची आता मावशींच्या मशीनशेजारी बसून शर्टांना बटणं लावते. हात चलाख आहे तिचा.

*कृपया प्रतीक्षा करा. आपले मत नोंदवले जात आहे.*

हे वाचताना आपण मध्ये एकदोनदा हसलात, त्याची नोंद झाली आहे. एका माणसाला एकच चेहरा.