लल्ला तामूचं कल्याणकारी तबक

जैतून गल्लीत गरिबी आहे की नाही, याचा सोक्षमोक्ष लावायला मार्च महिन्यात राजधानीहून प्रोफेसर बहिजा आल्या. आम्हाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. पण जगातल्या कल्याणकारी राज्यांचा तुलनात्मक अभ्यास चालू होता, त्यात आमच्या देशाचा रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना विद्वानांना डोळ्यातल्या कुसळासारखा सलतो.

आमचा या अभ्यासाशी संबंध आला तो पिवळ्या गाडीमुळे. गल्ली डोंगरावर, मुलींची माध्यमिक शाळा खाली शहरात, आणि मधला रस्ता असा की बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात. 'कन्याशिक्षण साहाय्य योजने'ची गाडी रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी यायची आणि आम्हाला घेऊन जायची. माझी मैत्रीण झहूर हिच्या वडिलांनी तिला एकदाच सांगितलं होतं, "गाडी आहे तोवर शाळा." ते सरकारसारखेच आहेत. बोललेलं मागे घेत नाहीत आणि कारण देत नाहीत. झहूर गणितात अख्ख्या शाळेत पहिली, पण वडिलांचं ते वाक्य तिलाही सोडवता येईना. योजनेचा नियम साधा होता: वस्ती गरीब असेल तर गाडी, नसेल तर नाही. आणि ते ठरवणार होत्या प्रोफेसरबाई.

आदल्या दिवशी आमचे मुकादम, अल्लालकाका, त्यांच्या फटफटीवरून गल्लीभर फिरले. सरकारचं गल्लीशी जे काही बोलणं होतं ते त्यांच्याच तोंडून होतं.

"उद्या पाहुण्या येताहेत. विद्वान आहेत. गल्लीची अब्रू सांभाळा."

"पण काका, त्या तर गरिबी बघायला येताहेत ना?" मी विचारलं.

"बघू देत की. पण नीट आवरून ठेवलेली."

आता तबकाबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीत पाहुण्यापुढे ठेवण्याजोगं तबक एकच आहे. लल्ला तामूचं. ती गल्लीतली सगळ्यांत वयस्क बाई, म्हणून तिच्या नावामागे आम्ही मानाने लल्ला लावतो. तिच्या गैरहजेरीत आणखीही काही लावतो. तबक तिच्या लग्नातलं, चांदीसारखं दिसणारं. त्यावर लांब चोचीची चहादाणी, सोनेरी काठाचे पेले आणि बदामाच्या करंज्यांची बशी. कुणाच्या दाराशी अनोळखी चप्पल दिसली की तबक त्या घरी जातं. मागावं लागत नाही. उलट ज्याने मागितलं नाही त्याच्याकडे लल्ला तामू स्वतः ओरडते, "अरे, पाहुणा कोरड्या घशाने परत पाठवता, लाज नाही का?"

"यम्मा, उद्या तरी आपल्या पेल्यांत चहा दे," मी आईला म्हणाले. "आपले पेले बघितले की त्यांना काही विचारावंच लागणार नाही."

यम्मा पुदिना निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आपण गरीब आहोत, विजदान. निर्लज्ज नाही."

झालं. विषय संपला. असे विषय आमच्याकडे याच वाक्यावर संपतात.

दुसऱ्या दिवशी सर्वेक्षण आमच्या घरापासून सुरू झालं. प्रोफेसरबाई गादीवर बसल्या, यम्माने उंचावरून धार धरून चहा ओतला, फेस आला. बाईंनी एक करंजी खाल्ली, प्रश्न विचारले आणि जिना उतरून शेजारच्या मुबारकाखालाकडे गेल्या. माणसं जिन्याने जातात, तबक गच्चीवरून जातं. आमच्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. झहूर पलीकडे उभी, मी अलीकडे. पेले विसळून, चहादाणी गरम असतानाच, तबक भिंतीवरून पलीकडे. बाई मुबारकाखालाच्या गादीवर टेकायच्या आत चहा पुढे हजर. त्यांनी लिहिलं: 'आतिथ्यसेवा तत्पर.'

त्यानंतर पुढचं घर, मग त्यापुढचं. करंज्या घरागणिक कमी होत गेल्या. त्यांनी लिहिलं: 'आहारात संयम.' चौथ्या घरी मात्र त्यांचा हात पेला उचलता उचलता थांबला. त्या पेल्याचा सोनेरी काठ एका जागी झिजलेला होता.

"हा पेला मी कुठेतरी पाहिलाय," त्या म्हणाल्या.

मी आणि झहूर गच्चीच्या दारातून कान देऊन होतो. झहूरने माझं मनगट इतकं आवळलं की हात बधिर झाला. मला वाटलं, सुटलो. आता कळणार.

घरची बाई शांतपणे म्हणाली, "असेल, बाई. चांगली वस्तू सगळीकडेच असते."

प्रोफेसरबाईंचा चेहरा उजळला. बराच वेळ त्या लिहीत राहिल्या.

महिनाभराने अहवाल आला. मुकादमकाकांनी तो चौकात वाचून दाखवला, अडखळत, पण अभिमानाने. जैतून गल्लीत प्रत्येक कुटुंबाकडे एकाच प्रतीचं तबक, तितकेच पेले, आणि काठ झिजण्याचं प्रमाणही समान. अर्थात विषमता शून्य. असं उत्तरेकडच्या थंड, श्रीमंत देशांतही आढळलेलं नाही, जिथे म्हणे शिंक आली तरी सरकार रुमाल पाठवतं. आजवर कल्याणकारी राज्यांचे तीनच प्रकार मानले जात. आता चौथा सापडला: 'चहाधिष्ठित समतावादी राज्य'. गल्लीने टाळ्या वाजवल्या. शेवटच्या पानावर लहान अक्षरात लिहिलं होतं की अशा प्रगत वस्तीला वाहनसाहाय्याची गरज दिसत नाही.

टाळ्या थांबल्या. झहूरच्या वडिलांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि घरची वाट धरली. त्यांचं वाक्य आधीच बोलून झालं होतं.

मी आणि झहूर दुसऱ्या सकाळी गाडीने शहरात गेलो आणि प्रोफेसरबाई अजून मुक्कामाला होत्या त्या विश्रामगृहाचं दार ठोठावलं.

"एकच तबक होतं, बाई," मी म्हणाले. "आम्ही दोघीच ते गच्चीवरून नेत होतो. हवं तर आत्ता पळवून दाखवतो."

बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं. चहा विचारला नाही. मोठ्या शहरात तशी पद्धत नाही. "तुम्हाला गाडी हवी आहे?"

"हो."

"मग तुमचं म्हणणं धरता येणार नाही. ज्याला गरज आहे त्यानेच गरज आहे असं सांगणं, याला आमच्या शास्त्रात पूर्वग्रह म्हणतात."

झहूरने गणित सोडवताना आवळते तशा भुवया आवळल्या. "म्हणजे ज्याला गरज नाही, त्याने सांगायचं?"

"त्याच्याकडून उत्तर निर्मळ मिळतं," बाई म्हणाल्या. "पण तुमचा शास्त्रीय दृष्टिकोन मला आवडला. फेरपडताळणी करू."

या वेळी गल्लीने शपथ घेतली. तबक पेटीत, पेटीला कुलूप आणि कुलपावर लल्ला तामू. ती पेटीवर अशी बसली की कुणी म्हणावं घरात मयत झालीय. "माझ्या हयातीत पाहुण्याला कानतुटका मग," ती पुटपुटत राहिली, "देवाने आधीच उचललं असतं तर काय बिघडलं असतं."

यम्माने कानतुटका मग बाईंपुढे ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ती पाहुण्याच्या डोळ्याला डोळा न देता उभी होती. सोबत कालची भाकरी, नुसती, तेल न लावलेली. मुकादमकाकांनी मुद्दाम घसा खाकरून लक्ष वेधलं. "बघा बाई, मग फुटका आहे."

बाईंनी मग दोन्ही हातांत धरला. त्याच्या टवक्यावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे पाणावले. "कुठून मिळवलात?"

"मिळवला नाही, फुटला," यम्मा म्हणाली.

"राजधानीत अशा मगातून चहा प्यायला लोक रांगा लावतात. भाकरीही कालचीच. कोरडी. वा." त्या भराभर लिहू लागल्या. "पहिल्या भेटीत सोनेरी काठ होते. म्हणजे आहेत. आणि असूनही वापरले नाहीत."

"नाहीत हो, बाई."

"तेच तर म्हणतेय मी, नाही वापरले."

दुसऱ्या अहवालाने गल्लीला आणखी वर चढवलं. वस्तू असूनही त्यागणं ही सुबत्तेची शेवटची पायरी असून जैतून गल्ली ती पायरी नम्रपणे चढली आहे, असं त्यात होतं. मुकादमकाकांनी हा अहवाल चौकात वाचला नाही. चार दिवस ते फटफटी ढकलत, आवाज न करता गल्लीतून जायचे.

गाडी बंद झाली. मी चालत जाऊ लागले. माझे वडील गवंडी आहेत. ते पहाटे उतरतात, त्यांच्याबरोबर मी उतरते आणि शाळेचं फाटक उघडेपर्यंत बाहेर बसते. झहूरच्या वडिलांनी आपला शब्द पाळला. तिची पुस्तकं तिने मला दिली. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे, तर म्हणाली, "घरात ठेवली तर मी ती वाचेन, विजदान. आणि मग काय करू?" आता ती आईबरोबर मागावर बसते, गालिचे विणते. नक्षीचे धागे मोजताना तिची कधीच चूक होत नाही, असं तिची आई कौतुकाने सांगते. मला ते कौतुक ऐकवत नाही.

आणि मग प्रोफेसरबाई तिसऱ्यांदा आल्या. आता त्यांना साहाय्य काढून घेतल्याचे परिणाम अभ्यासायचे होते.

"म्हणजे परिणाम वाईट झाला हे मान्य?" मी आशेने विचारलं. "मग गाडी परत सुरू करा."

"आत्ता? आत्ता सुरू केली तर निष्कर्ष बिघडतील," बाई दचकून म्हणाल्या. "निदान एक पिढी थांबावं लागेल."

माझ्याबद्दल त्यांनी 'स्वयंप्रेरणेने पायी शिक्षण, आरोग्यास पूरक' असं लिहिलं. मग झहूरचा विषय निघाला. यम्माने सुस्कारा सोडला. "बिचारी. एवढी हुशार पोर."

बाईंची लेखणी थबकली. "तुम्ही वारंवार असं म्हणता?"

"अख्खी गल्ली म्हणते, बाई. तिला बघितलं की कुणाच्याही तोंडून निघतंच."

त्या दुपारी समाजकल्याणाच्या इतिहासातला सर्वांत स्वस्त शोध लागला. प्रोफेसर बहिजांनी सिद्ध केलं की ज्या वस्तीत लोक एकमेकांसाठी हळहळतात, तिथे मदत आधीच पोहोचलेली असते. फक्त ती सरकारला दिसत नाही. हळहळ हीच अनौपचारिक कल्याणव्यवस्था. तिला इंधन लागत नाही, चालक लागत नाही, ती रस्त्यात बंद पडत नाही. एका 'बिचारी'चं मूल्य गाडीच्या एका फेरीइतकं धरावं, असं सूत्र त्यांनी मांडलं. जगभरातल्या अर्थमंत्र्यांना हे सूत्र फार आवडलं. कुठल्याही सूत्रावर त्यांचं इतकं एकमत यापूर्वी झालं नव्हतं म्हणे.

साहजिकच देशोदेशींचे विद्वान गल्ली बघायला आले. डोंगर चढून येणार कसे, हा प्रश्न होता, तोही सुटला. योजनेतून मोकळी झालेली पिवळी गाडी अभ्यासप्रकल्पाकडे वर्ग करण्यात आली होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, तीच, खिडकीखालच्या रंगात झहूरने नखाने कोरलेलं समीकरण अजून तसंच. तिच्यातून गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवलेले पाहुणे उतरले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "ते तबक कुठे आहे?"

लल्ला तामू पेटीवरून उठली. पाहुणा तो पाहुणा. झहूर घरीच असते, म्हणून चहा तिने ओतला, यम्मापेक्षाही उंचावरून, एक थेंब न सांडता. विद्वानांनी फोटो काढले. एका भल्या दिसणाऱ्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थाने दुभाष्याकरवी तिला विचारलं, "मुली, तुला आयुष्यात काय हवं?"

"त्या गाडीत एक जागा," झहूर म्हणाली.

ते सगळे हेलावले. किती साधी अपेक्षा, असं ते आपसांत म्हणाले. दाढीवाल्यांनी हनुवटी धरून मान हलवली आणि आपल्या भाषेत एक शब्द उच्चारला. दुभाष्याने तो सांगितला नाही, पण तो शब्द मी कुठल्याही भाषेत ओळखते. प्रोफेसरबाईंनी लगेच टिपून घेतला.

गाडी उतरू लागली तेव्हा मागची अर्धी बाकं रिकामी होती. मी धावत जाऊन चालकाला विचारलं, झहूरला बसू देता का. तो आमचा जुना चालक, त्याने नजर वळवली. "विद्वानांची गाडी आहे, पोरी. अभ्यासाच्या नमुन्यातल्या माणसांना बसवायची परवानगी नाही."

अहवालाच्या नव्या आवृत्तीत झहूरवर एक स्वतंत्र चौकट आहे. तिच्या नावावर आजवर इतकी हळहळ जमा झालीय की हिशेबाने ती देशातली सर्वाधिक साहाय्य मिळालेली मुलगी ठरते. अभ्यास अजून चालू आहे आणि बाई म्हणतात, आता वाचकांचीही हळहळ धरायला हवी. म्हणून विचारते. मघाशी झहूर पुस्तकं देऊन टाकते त्या ओळीशी तुम्ही थांबलात, आणि मनातल्या मनात एक शब्द म्हणालात, हो ना?

मिळाला. एक फेरी जमा केली आहे. आता तुम्ही पान उलटायला मोकळे.