डॉक्टरांच्या व्याख्यानातलं प्रात्यक्षिक

बालरोगतज्ज्ञ बाईंचं ऑनलाइन व्याख्यान सहाला सुरू होणार होतं. विषय होता, 'मुलांच्या हातातून मोबाईल कसा सोडवावा?' एका शाळेचे दीडशे पालक ऐकायला बसणार होते. लॅपटॉप घेऊन बेडरूमचं दार लावण्याआधी बाईंनी नवऱ्याला बजावलं, "अहो, तासभर चिमीला सांभाळा. गोष्ट सांगा, पत्ते खेळा. पण टॅब द्यायचा नाही."

"एवढं कळतं मला," नवरा म्हणाला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊंच्या हातून जीव वाचवून आलेल्या माणसाला सात वर्षांच्या लेकीची काय भीती?

पत्त्यांचे दोन्ही डाव चिमीने जिंकले. तिसरा वाटताना त्याचा फोन वाजला. कुणीतरी गाडी थेट तळ्यात पार्क करतानाचा व्हिडिओ पाठवला होता. त्याखाली दुसरा होता, त्याखाली तिसरा.

"बाबा, मग मला टॅब?"

"घे. आवाज बंद ठेव. आणि आईला सांगायचं नाही."

टॅबवर खातं आईचं. उघडताच 'मीटिंग सुरू आहे, सामील व्हा' अशी चौकट आली. चिमी सामील झाली. शाळेच्या मुख्याध्यापिकांना वाटलं, डॉक्टर दुसऱ्या कॅमेऱ्यातून काहीतरी दाखवणार असतील. त्यांनी लगेच आत घेतलं. चिमीने टॅब टेबलावर उभा केला, अनोळखी तोंडं बघून दोन मिनिटांत कंटाळली आणि बाजूला झाली. आता दीडशे पालकांसमोर होता सोफ्यावर पालथा पडून फोन बघणारा बाबा.

"बाबा, बिस्किटं घेऊ?"

"घे."

"सगळी?"

"सगळी."

"बाबा, तुमच्या शर्टावर चित्र काढू?"

"सावकाश काढ."

बाईंच्या समोर पडदाभर त्यांच्याच स्लाइड्स होत्या. कानातल्या हेडफोनमधून लेकीचा आवाज आला, तो त्यांना दारापलीकडून आल्यासारखा वाटला. पण 'शर्ट' ऐकल्यावर त्या चपापल्या. स्लाइड बंद केली, तर समोर स्वतःचाच सोफा, त्यावर नवरा आणि नवऱ्याच्या पाठीवर निळ्या स्केचपेनने काढलेला हत्ती!

हेडफोन फेकून त्या बाहेर धावल्या. "अहो, एक तास! एकच तास सांगितला होता ना!"

"आणि तू? सकाळी बाथरूममध्ये अर्धा तास फोन घेऊन काय करतेस?"

"आई साड्या बघते," चिमी म्हणाली. "हळू बोला ना, ते सगळे ऐकतायत."

दोघांनी टॅबकडे पाहिलं.

बाई खाली मान घालून लॅपटॉपसमोर परतल्या. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव दहा मिनिटांत धुळीला मिळालं होतं. पण पडद्यावर टाळ्या वाजत होत्या.

"काय प्रात्यक्षिक बसवलंत हो डॉक्टर!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मुलगी तर इतकी सहज बोलली!"

"नाही हो," बाईंनी सगळा धीर गोळा केला. "हे नाटक नव्हतं. हे आमचं घर आहे. रोजचं."

"बघा! अजून भूमिकेतून बाहेर आल्या नाहीत!" मुख्याध्यापिका खूश होऊन हसल्या. "फक्त एक सुचवू का? ते वडील जरा अति वाटले. इतकं दुर्लक्ष खऱ्या घरात कुणी करत नाही."

सगळ्या चौकटींतून बाबा मंडळींनी माना डोलावल्या. निम्म्यांनी तर हातातल्या फोनवरून नजरही न काढता.