मंजुळाबाईंची गाडी आणि महाराजांचे नव्याण्णव टक्के

एका जंगलात, बाळांनो, जवळजवळ सगळ्यांकडे विजेवर चालणाऱ्या गाड्या होत्या. घोड्याकडे मात्र नव्हती. गाडी हा शब्द ऐकला की तो रुसतो, म्हणून त्याचा विषय आपण काढायचा नाही.

आधी तिथे पेट्रोलच्या गाड्या होत्या. त्यांच्या धुराने सिंहमहाराजांची आयाळ काळवंडली. महाराजांनी फर्मान काढलं, धूर बंद. महोत्सवाच्या मैदानाच्या गेटाला लागून, जांभळींच्या सावलीत, चार्जिंगचे खांब रोवले. पाटी लावली, 'ही जागा फक्त चार्ज होणाऱ्या गाड्यांसाठी'. वीज कुठून यायची म्हणता? ढगातून. मध्ये मध्ये बोलू नका.

राखणीला बगळा नेमला. एका पायावर उभा, डोळे मिटलेले. एवढा सज्जन प्राणी महाराजांना दुसरा सापडला नाही.

त्या वर्षी महोत्सवात मंजुळाबाईंचं गाणं ठरलं. मंजुळाबाई म्हणजे खालच्या डोहातली मासोळी. माशाला आवाज नसतो असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय, ठाऊक आहे मला. पुस्तक लिहिणारा कधी डोहाकाठी बसला होता का? बाई गायला लागल्या की बेडूकसुद्धा गप्प बसत. बेडूक गप्प बसणं म्हणजे काय, ते तुमच्या वर्गाच्या बाईंना विचारा.

सगळं जंगल नटूनथटून निघालं. आणि सगळ्यांना गाडी लावायला एकच जागा हवी होती, जांभळीखालची. दूरच्या माळावर हवी तेवढी जागा होती. पण तिथून चालत यावं लागे, आणि चालत आलेल्याला गेटावर कोण ओळखतं? वाऱ्यालाही मागे टाकणारा चित्ता, त्यालासुद्धा गेटाजवळच जागा पाहिजे होती.

"माळावरून दोन उड्यांत याल की," बगळा डोळे न उघडता म्हणाला.

"नवी चप्पल आहे," चित्ता म्हणाला, आणि गाडी लावून त्याने खांबाची वायर जोडली. चार्जिंगचं बटण दाबायच्या भानगडीत तो पडला नाही, कारण बॅटरी घरूनच भरून आणली होती.

अस्वलकाकांचीही बॅटरी भरलेली होती. तरी त्यांनी वायर लावली. "बॅटरीला एकटं वाटतं हो," ते म्हणाले. हत्तीने दोन खांब अडवले, एक गाडीला आणि एक सोंडेला.

कोल्ह्याची तर गाडीच पेट्रोलची. त्याने वायर म्हणून आत धामण बसवून आणली होती. तिचं तोंड त्याने खांबाला लावलं आणि शेपूट पेट्रोलच्या टाकीत सोडलं.

"कोल्हेदादा, जबडा दुखतोय," धामण म्हणाली.

"कार्यक्रम संपेस्तोवर कळ काढ," कोल्हा म्हणाला. "तुलाही गाणं ऐकू येईलच की इथून."

बगळा प्रत्येकाला एवढंच विचारी, "वायर लागलीय ना? मग झालं."

सगळ्यांच्या आधी, अगदी सकाळीच, महाराजांची गाडी लागली होती. पाटी त्यांनीच लिहिली होती, त्यामुळे ती वाचायची गरज त्यांना नव्हती.

आता इकडे पाहा. मंजुळाबाई डोहातून निघाल्या होत्या. गाडी चालवत होता खेकडूभाऊ. तो गाडी तिरकीच चालवी, पण पोचवायचा. गाडीत सीटच्या जागी काचेची टाकी होती, टाकीत पाणी, पाण्यात बाई. आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारं एक यंत्र होतं, तेही गाडीच्याच बॅटरीवर चाले. बॅटरी संपली की बुडबुडे बंद. बुडबुडे बंद की बाई बंद. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डोहापासून मैदानापर्यंत नुसता चढ. घाटात बॅटरी भराभर उतरली. बाई काळजीत पडल्या, पण खेकडू म्हणाला, "बाई, घाबरू नका. वर जांभळीखाली खांब आहेत. अर्धा घंटा लावली गाडी की तुम्ही रात्रभर गा."

ते वर पोचले. पाहतात तर जांभळीखाली मुंगी शिरायला जागा नाही. मुंग्यांनीही आपली लावली होती.

यंत्रातून एक बुडबुडा आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"बगळेबुवा, कुणाची तरी गाडी काढायला सांगा," खेकडू म्हणाला. "आत मंजुळाबाई आहेत."

बगळ्याने त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडले. दोन्ही उघडले. टाकीकडे पाहून त्याने दुसरा पायही खाली टेकला.

"बाईंना जरा बाहेर घ्या," तो गोड आवाजात म्हणाला. "मी बघतो त्यांच्याकडे."

"डोळे मिटा," खेकडू म्हणाला, आणि नांगी उगारून त्याने टाकीचं झाकण घट्ट लावलं. मग तो मांडवात धावला. तिरका धावला, म्हणून आधी स्वयंपाकाच्या तंबूत शिरला, तिथून स्टेजवर आला. त्याने पोपटाच्या कानात सांगितलं, आणि पोपटाने माइकवर सांगितलं.

"ज्यांच्या गाडीची बॅटरी भरली आहे, त्यांनी कृपया गाडी काढावी. बाई गेटावर अडकल्या आहेत. त्यांचा जीव जातोय."

मांडव हळहळला. सगळ्यांनी माना वळवून मागे पाहिलं, की कोण हा निर्लज्ज. मागच्या रांगेनेही मागे पाहिलं. मागे नुसती झाडं होती.

"कुणीतरी काढा रे गाडी," चित्ता कळवळून म्हणाला.

"मी काढली असती," अस्वलकाका म्हणाले, "पण खुर्चीवर रुमाल टाकून गेलो तर हत्ती रुमालावर बसतो. मागच्या वर्षीचा रुमाल अजून सापडला नाही."

खेकडू थेट महाराजांपुढे गेला. "महाराज, आपली गाडी सकाळपासून लागलीय."

महाराजांनी मोबाइल पाहिला. "नव्याण्णव टक्के," ते म्हणाले. "शंभर होऊ दे, लगेच काढतो. अर्धवट काम आम्हाला आवडत नाही."

त्यांचंही बटण दाबलेलं नव्हतं, बाळांनो. ती गाडी अजूनही नव्याण्णववरच असेल.

गेटाजवळच्या खुर्च्यांवरून टाकी दिसत होती. बुडबुडे थांबले होते. मंजुळाबाई वर येऊन तोंड उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या.

"आलाप सुरू झाला वाटतं," एक हरीण शेजारणीला म्हणालं.

"काय तन्मयता आहे," महाराज म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. महाराजांनी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली. मांडव टाळ्यांनी दणाणला आणि तिकडे बाईंचे डोळे पांढरे होत होते. मला हे सांगताना राग येतो, पण गोष्ट आहे ती सांगायलाच हवी.

खेकडू टाळ्यांमधून परत धावला. जांभळींच्या मागून ओढा वाहत होता, उताराचा, थेट खालच्या डोहात जाणारा. त्याने गाडीचा ब्रेक सोडला. गाडी तिरकी घरंगळली आणि ओढ्याकाठच्या दगडाला थडकली. टाकी फुटली, बाई पाण्यात पडल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्यांच्यामागे खेकडूनेही उडी मारली. बगळ्याची चोच एका वितीने चुकली.

गार वाहतं पाणी कल्ल्यांतून गेलं आणि बाईंना दम आला. दम आल्यावर गाणारा दुसरं काय करणार? त्या गायला लागल्या. डोह येईपर्यंत गात होत्या, सगळं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ते ऐकलं फक्त कासवाने. त्याच्याकडे गाडी नव्हती. तो ओढ्याकाठच्या पायवाटेने कार्यक्रमाला निघाला होता आणि अर्थातच अजून पोचायचा होता. तो जागच्या जागी थांबला आणि रडला.

मांडवात लोक ताटकळून घरी गेले. कासव मैदानात पोचलं तेव्हा महोत्सव समितीची बैठक चालू होती.

"बाई फार सुंदर गायल्या," कासव म्हणालं.

"तुमची गाडी कुठे लावलीत?" कोल्ह्याने विचारलं.

"मी चालत आलो."

"मग तुम्हाला काय कळणार," सगळे म्हणाले.

बैठकीत ठरलं, की बाईंना नखरे फार. पुढच्या वर्षी गाढवमामांचं गाणं ठेवायचं. ते चालत येतात, त्यांना खांब लागत नाही. महाराजांनी मान डोलावली. गाढवमामा तेव्हापासून दरवर्षी गातात, सगळ्या गाड्या जांभळीखाली लागतात, आणि महोत्सव कसा वेळेवर सुरू होतो.

तात्पर्य : बाळांनो, आधी गेटाजवळची जागा धरायला शिका. गळा काय, नंतरही तयार होतो. नाही झाला तरी अडत नाही.