सोनवणेजींचं ‘है ही’

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सोनवणेजी आधी कधीच सांगत नसत. काम पार बिघडलं, की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "वो तो है ही ना, भिया!"

मी नोकरीसाठी पुण्याहून इंदूरला आलेलो. सियागंजातल्या एका किराण्याच्या ठोक दुकानाचा कारभार कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सोनवणेजी तिथलं गोदाम सांभाळायचे. आधी सारी उमर कापड मिलमध्ये गेलेली; मिल बंद पडली म्हणून इकडे आलेले.

"माल कुठल्या क्रमानं पाठवता?" मी विचारलं.

"सीधी बात आहे. ज्याची ऑर्डर आधी, त्याचा माल आधी."

मी तसा प्रोग्राम लिहिला. शनिवारी दाखवायला गेलो, तर हे सिमरोल गावच्या दुकानदाराची पोती सगळ्यांआधी गाडीवर चढवतायत.

"अहो, हा तर शेवटी आला होता!"

"त्याची बस निकल जाईल ना. वो तो है ही!"

बस प्रोग्राममध्ये घातली. पुढच्या शनिवारी कळलं, की हिंगाच्या गाडीत चहा चढवायचा नसतो, वास लागतो. तेही ‘है ही’. माझं डोकं फिरायची वेळ आली. त्यात शेठजींनी बजावलं, पुढच्या शनिवारी नीट चाललं नाही तर हा डबा परत घेऊन जा.

त्या शनिवारी सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सोनवणेजींनी रांग मोडून चहा-साखरेची पिशवी उचलली, सायकलला अडकवली आणि निघाले. ना बस, ना हिंग. का म्हणून विचारलं, तर नुसती घंटी वाजवली. मी भयंकर चिडलो आणि मागोमाग गेलो.

बंद मिलच्या गेटसमोर चहाची टपरी होती. बाकांवर काही उतारवयाची माणसं इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती. सोनवणेजींनी पिशवी टपरीवाल्याला दिली आणि त्यांच्यातच जाऊन बसले.

"तीन वाजता दुसरी पाळी लागायची ना," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "भोंगा वाजत नाही आता, पर आदमी येतात. चाय नसली तर तेही येणं बंद करतील. फिर मी कोणाकडे जाऊ, भिया?"

मला फार वाईट वाटलं. त्यांच्याबरोबर चहा पिऊन परतलो.

संध्याकाळी शेठजींनी पडद्यावर बोट ठेवलं. "ये मिल गेट का माल सबसे पहले? वो किसलिए?"

"वो तो है ही ना, सेठजी," मी म्हणालो.