आधी पक्ष सांगा

आमच्या आळीत कोणी घसरून पडलं, कोणाला कुत्रा चावला, तरी हळहळण्याआधी वामनकाका एकच प्रश्न विचारत, "पक्ष कुठला?"

एकदा मी त्यांना सांगितलं, "काका, बाजारात पाटलांना सायकलवाल्यानं उडवलं. पाय मोडला."

"पाटील आपल्यातले का?"

"ते काही मला ठाऊक नाही."

"आपल्यातले असतील तर वाईट झालं," काका म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "नसतील तरी वाईटच. पण सायकल कोनाची होती?"

वामनकाका म्हात्रे रोह्याच्या एका कंपनीत जन्मभर शिफ्ट करून रिटायर झाले आणि पेणच्या आमच्या आळीत पूर्ण वेळ पक्षाला वाहून घेतलं. पक्षानं त्यांना कधी काही दिलं नाही, खांद्यावरचा पंचा तेवढा दिला. पक्षाच्या रंगाचा तो पंचा धुऊन धुऊन इतका विटला होता की तो आता नक्की कुठल्या पक्षाचा, हे सांगणं कठीण झालं होतं. तसं बोललेलं मात्र काकांना खपत नसे.

पुढाऱ्यांवर आरोप झाले की काकांचा निकाल तिथल्या तिथे तयार असे. आरोपी पलीकडचा असला तर, "आग असल्याबिगर धूर निघतो काय? राजीनामा घ्या!" आणि आपला असला तर, "चौकशी होऊ द्या." हे तीन शब्द ते इतक्या शांतपणे म्हणत, की ऐकणाऱ्याला चौकशी होऊन गेल्यासारखं वाटे.

विरोधी पक्षाच्या एका पुढाऱ्यावर एका बाईनं तक्रार केली, तेव्हा तर काकांनी एसटी स्टँडवर त्याचा पुतळा जाळला. पेंढा भिजका होता, पुतळा काही पेटेना. काका धुरात खोकत खोकत भाषण करत होते, "बाई खोटं कशाला बोलंल? तिला काय मिलनार हाय? उद्या याच गावात तोंड दाखवायचंय तिला!" आम्ही टाळ्या वाजवल्या. भाषण खरंच चांगलं होतं.

काकांना मूलबाळ नव्हतं. काकी गेल्यापासून त्यांचं रात्रीचं ताट शेजारच्या शेवंतीवहिनींकडून येई. वहिनी विधवा. घरात त्या आणि त्यांची मुलगी सुनंदा, दोघीच. वहिनी रोज म्हणत, "भावजी, इकडंच या की जेवायला." काका रोज म्हणत, "नको वैनी, सातच्या बातम्या चुकतात." मग सुनंदा झाकलेलं ताट घेऊन येई, आणि काका टीव्हीसमोर बसून मंत्र्यांशी भांडत जेवत.

या ताटाची परतफेड म्हणून की काय, वहिनींचा गणपती काका आणत. आमच्याकडे गणपतीआधी घरचा पाट खडूनं नाव घालून कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यावर मूर्ती बसते आणि चतुर्थीला पाटासकट घरी येते. वहिनींचा पाट काका नेऊन देत, आणि तो विरोधकांच्या पाटाशेजारी ठेवू देत नसत. कारखानदार बाळूशेठ वैतागून म्हणे, "काका, गणपतीला वोट नसतो वो!"

त्या वर्षीही काका पाट देऊन आले, आणि श्रावणात ती बातमी फुटली. सुनंदा साहेबांच्या कार्यालयात कामाला होती. साहेब म्हणजे काकांच्या पक्षाचे जिल्ह्यातले मोठे पुढारी. त्यांनी केबिनमध्ये बोलावून आपल्या अंगावर हात टाकला, अशी तक्रार सुनंदानं पोलिसांत दिली.

दोन दिवसांत गावाचे दोन भाग झाले. साहेबांच्या माणसांनी मोर्चा काढला. विरोधकांनी 'आमच्या भगिनीला न्याय द्या' असा बॅनर लावला आणि त्यावर भगिनीपेक्षा स्वतःचे फोटो मोठे छापले. ज्यांना कालपर्यंत तिचं नाव माहीत नव्हतं, ते तिला स्टेजवर बोलवायला आले. ती गेली नाही. मग तेही यायचे थांबले. वहिनींच्या ओटीवर कोणी बसेना.

चहाच्या टपरीवर सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी पंचा सारखा केला. "चौकशी होऊ द्या," ते म्हणाले. आणि कोणी काही विचारलं नसताना पुढे म्हणाले, "पोरीला कोनीतरी पढवलेली हाय." मी तिथेच होतो. मला त्यांचा फार राग आला.

आळीत शब्द पायांनी चालत नाहीत, धावतात. संध्याकाळपर्यंत ते बोलणं वहिनींच्या घरी पोचलं होतं. तरी सातला ताट आलं. सुनंदाच घेऊन आली. "काका, बिरडं जरा तिखट झालंय," एवढं म्हणाली आणि गेली. आमची ओटी समोरच आहे. टीव्हीवर साहेब बोलत होते आणि काका पहिल्यांदाच टीव्हीशी एक शब्द बोलत नव्हते.

सकाळी ते ताट घेऊन माझ्याकडे आले. वालाचं बिरडं तसंच होतं, भाकरीही. "मास्तर, घशाखाली उतरलं नाय," ते म्हणाले. "तुमी देऊन या."

मी म्हटलं, "तुमचं तुम्ही द्या."

ते गेले. वहिनी दारातच होत्या. ताट हातात घेत म्हणाल्या, "भावजी, स्टँडवर तुमीच म्हनाला होता ना, बाई खोटं कशाला बोलंल म्हनून? मंग माझी पोर बाई नाय काय?"

काकांनी पंचा सारखा केला. ते तसेच घरी गेले आणि दार लावून घेतलं. पुढे बरेच दिवस टपरीवरही दिसले नाहीत. ताट मात्र रोज जात होतं, आणि रिकामं परत येत होतं.

चतुर्थीच्या सकाळी मी आमचा गणपती आणायला कारखान्यात गेलो. ही गर्दी. वहिनींचा पाट कोणीतरी मागच्या कोपऱ्यात सरकवून ठेवला होता. वहिनी आता स्वतःच येतील की यंदा घर गणपतीवाचून राहील, असं मनात येतंय तोच वामनकाका आत आले. अंघोळ केलेले, कपाळाला गंध, खांद्यावर पंचा. सरळ मागच्या कोपऱ्यात गेले.

साहेबांचा एक कार्यकर्ता मोठ्यानं म्हणाला, "काका, पाटावरचं नाव वाचलं काय? आता कुठल्या पक्षात चाललात?"

"पक्ष?" काका वळले. "मी शेजारचा हाय."

मग त्यांनी मूर्तीच्या तोंडावर टाकायला सवयीनं खांद्यावरचा पंचा काढला. त्याच्याकडे जरा पाहिलं, घडी करून खिशात कोंबला आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमचा रुमाल द्या. कोरा हाय ना?"

रुमाल टाकून त्यांनी पाट उचलला आणि ओरडले, "गणपती बाप्पा..."

कोणीच काही बोललं नाही. काका पाट घेऊन तसेच उभे राहिले. मी "मोरया" म्हणालो. माझा आवाज मुळातच बारीक आहे. मग रंगाचे हात पुसत बाळूशेठ म्हणाला, "मोरया!" तेव्हा कुठे काकांनी पाऊल उचललं.

आमचा पाट घेऊन मीही बरोबर निघालो, तेव्हा रस्त्यात ते मला म्हणाले, "साहेबांचं काय ते कोर्टात ठरंल. पन ही पोर खोटं बोलत नाय. माझ्यासमोर वाढलीय ती, मास्तर. मला ठाऊक होतं. त्या दिवशीपन ठाऊक होतं."

दारात वहिनींनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. वहिनींचे डोळे भरले होते. काकांचेही भरले होते, पण पाट धरल्यामुळे त्यांना ते पुसता येईनात. सुनंदानं पुढे होऊन मूर्तीवरचा रुमाल काढला, तो आधी काकांना दिला.

खटला अजून चालू आहे. आळीतले काहीजण काकांशी अजून बोलत नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला आम्ही मोजकीच माणसं होतो. काकांचा आवाज एकट्यानं पंधरा माणसांचा, आणि सूर एकाचाही नाही. आरती झाली. सुनंदानं नेहमीप्रमाणे ताट वाढलं, झाकलं आणि बाहेर निघाली.

"सुनंदा गो," काका भिंतीला टेकून बसत म्हणाले, "तिकडं कुठं नेतेस? हितंच ठेव."

सात वाजून गेले होते. शेजारी त्यांचं घर बंद होतं, आणि टीव्हीचा आवाज येत नव्हता.