तीनाने भाग जाणारा केक

केकचं खोकं उघडलं आणि मास्तरांचा चेहरा पडला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा केक, त्यावर चॉकलेटने लिहिलेली चोवीस आकडी संख्या. मास्तरांनी हवेत बोट फिरवत आकडे मोजले, पुन्हा मोजले. तेवीसच भरले. मधला चार गायब होता.

गणिताच्या मास्तरांना संख्येशिवाय प्रेम करता येत नाही, हे त्यांच्या बायकोने पदरी पडलं पवित्र झालं म्हणत केव्हाच स्वीकारलं होतं. लग्न ठरल्यावर लोक अंगठी देतात. यांनी दोघांच्या जन्मतारखा आणि लग्नाची तारीख शेजारी शेजारी मांडून ही संख्या दिली. म्हणाले, "ही मूळ संख्या आहे. हिला कशानेही भाग जात नाही. आपलंही तसंच." कित्येक संध्याकाळी बसून त्यांनी हाताने भागाकार केले होते. मग लग्न तोंडावर आलं आणि उरलेले भागाकार त्यांनी श्रद्धेवर सोडले.

कोपऱ्यावरचा केकवाला निरोप मिळताच आला.

"चार कुठे गेला?" मास्तरांनी विचारलं.

"जागा पुरेना हो सर. एवढ्या गर्दीत एक आकडा कुणाला दिसतोय?"

"अहो, आता आकड्यांची बेरीज तीनाच्या पाढ्यात येते. म्हणजे अख्ख्या संख्येला तीनाने भाग जातो."

"सर, मी केक किलोवर विकतो. पाढ्यावर नाही."

तरी माणूस भला. त्याने चॉकलेटची पिशवी काढली, मोकळी जागा हेरली आणि शेवटच्या आकड्यापुढे झोकदार चार काढला.

"शेवटी?" मास्तर कळवळले. "समसंख्या झाली की ही. आता दोनाने भाग जातो."

"आधी तीनाने जात होता, आता दोनाने. कमीच झाला ना?"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बाहेर पाहुणे रिकाम्या बशा घेऊन ताटकळले होते. मास्तर मात्र केकपुढे हात पसरून उभे राहिले.

"हा कापायचा नाही."

"अहो, भाग न जाणारा केक लोकांनी काय नुसता बघायचा?" बायको म्हणाली.

शेवटी लेक मध्ये पडली. "बाबा, खरी संख्या मी कागदावर छापते आणि मागे लावते. मग तर झालं?" ती फोनवर आकडे टिपू लागली. टिपून झाल्यावर सहज फोनवरच तिचे अवयव पाडून बघितले आणि थांबली. "बाबा... मूळची संख्याच मूळ नाहीये."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. एका चारासाठी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि पायाच कच्चा निघाला. त्यांना भयंकर लाज वाटली. केकवाल्याची नव्हे, बायकोची.

"पंचवीस वर्षं तुला खोटं सांगत आलो गं," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने लेकीला विचारलं, "किती अवयव पडतात तिचे?"

"दोनच. दोन्ही लांबलचक आहेत, आणि दोन्ही मूळ."

"म्हणजे या दोघांशिवाय तिसऱ्या कुणाचाच भाग जात नाही?"

"एक आणि ती संख्या स्वतः सोडली, तर नाही," मास्तर खालमानेने म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांना व्याख्या अर्धवट सोडवेना.

"मग बिघडलं कुठे? एकाने संसार होतो का कधी?"

मास्तरांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ही बाई आपल्या वाट्याला आली, याचं त्यांना पुन्हा एकदा नवल वाटलं. केकवाल्यानेही उगाच नाक पुसलं.

"बरं, त्या दोनांतला मोठा कोणता?" बायकोने विचारलं.

लेकीने फोनवर बोट ठेवून दाखवला.

"हा माझा."

मास्तर चटकन सावरून बसले. "ते कशावरून?"

"स्वयंसिद्ध आहे," ती म्हणाली आणि सुरी त्यांच्या हातात दिली.