मामांची तपासणी

माझ्या डिग्रीचं सर्टिफिकेट मामांनी आधी उजेडाकडे धरून पाहिलं, मगच पेढा घेतला. आमच्या खानदानातली पहिली डिग्री. पण मामांना तिच्यात नोटेसारखी खूण दिसायला हवी होती. नाकाडोंगरीजवळच्या खाणीत त्यांनी तीस वर्षं फाटकावर चौकीदारी केली. आजही लग्नाच्या मांडवात खुर्ची उलटी करून पाहतात, मगच बसतात. म्हणतात, "पाह्यल्याबिगर सोडाचं नाई."

पुढे स्कॉलरशिपवर मी इंग्लंडात शिकले. तिथल्या पदवीदानाला आईनं मामांना पाठवलं. खरं काम माझी खोली पाहून येणं. बरी नसली तर पोरीला घेऊनच ये, असा हुकूम. मला तिथंच नोकरी लागली होती, आणि खोली मोठी, हवेशीर आहे असं मी घरी सांगून बसले होते.

मामांना मी मैत्रिणीकडे उतरवलं. म्हटलं, माझ्या खोलीला रंग देणं सुरू आहे. त्यांनी माझ्या स्वेटरचा वास घेतला. "रंगाचा वास तं नाई येत."

विषय टळावा म्हणून त्यांना एक म्युझियम दाखवायला नेलं. जॉर्ज राजांच्या काळातलं, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं श्रीमंताचं घर, जसंच्या तसं ठेवलेलं. जेवणाच्या टेबलावर भाजलेली कोंबडी होती. मामांनी बोटानं दाबली. "प्लास्टरची हाय. फसवून राहिले तुले." राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं डोळे वटारले. कोणी बसू नये म्हणून खुर्च्यांवर काटेरी बोंडं ठेवली होती, ती मात्र मामांना पटली. "बाई हुशार हाय. आपल्या लायनीतली."

शेवटी तळघरात स्वयंपाकघर. मामांवर नजर ठेवत ती बाईही मागोमाग खाली आली. चुलीशेजारी पेंढ्याची गादी.

"इथं कोन झोपे? इचार तिले."

मी विचारून सांगितलं, "मोलकरीण. खेड्यातून आलेली, पंधराएक वर्षांची."

"तिच्या घरचं कोनी पाहाले येत होतं का?"

बाई म्हणाली, तसं काही लिहिलेलं नाही.

मामांनी वाकून ती गादी दाबून पाहिली. बाहेर आल्यावर म्हणाले, "चाल. तुयी खोली दाखव."

माझी खोलीही तळघरातच. खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसायचे. मामांनी कडी हलवून पाहिली, पलंग दाबला, भिंतीवरून तळहात फिरवला. मी सामान बांधायच्या तयारीनं उभी होते. त्यांनी आईला फोन लावला.

"सुमन, खोली झकास हाय. ऊन सीधं पलंगावर येते. राहू दे पोरीले."

पलीकडून आईनं पुन्हा विचारलं असावं.

"मी सोता पाहून राहिलो ना," मामा म्हणाले, आणि ओला तळहात पँटीला पुसला.